सासू नाही, सून नाही, तरी घर चालतं!

मैत्रिणींनो, डबे गेले, केर निघाला, की वर्तमानपत्र हाती घेऊन आपण आधी काय वाचतो, खरं सांगा! कुठे दोन डोक्यांचं वासरू, कुठे हातभर लांब मुळा. अग्रलेख मागाहून, तोही जमला तर. म्हणून आज नवलाच्याच गोष्टी सांगते, पण साऱ्या एकाच गावच्या. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं, की आठ-दहा किलोमीटरवर धाम नदीकाठी पवनार आहे, तिथल्या.

१९३८ साली विनोबाजी खालावलेली प्रकृती घेऊन इथे राहायला आले. औषध काय, तर कुदळ! रोज थोडं खणायचं. त्या जागेत खणताना जुन्या मूर्ती निघाल्या, त्यांत एक भरत-रामाच्या भेटीची. अशा भेटीचं चित्र असावं, असं ते १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना म्हणाले होते!

पुढे १९५० च्या सुमारास इथे बैलांशिवाय शेती झाली. विहिरीचा रहाट माणसंच हातानं फिरवत. (आपल्याला यात नवल कसलं? घरचा रहाट कोण ओढतं?) आणि २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबाजींनी वर्षभर मौन पाळलं. वर्तमानपत्राआड गप्प बसणारे नवरे यात धरू नयेत.

पण खरं नवल पुढेच आहे. २५ मार्च १९५९ रोजी इथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं. बायकांनी, बायकांसाठी चालवलेलं. शेती, गाई, झाडलोट, स्वयंपाक, सगळं बहिणींच्याच हातचं. 'मैत्री' नावाचं हिंदी मासिकही त्यांनीच चालवलं. आणि इथे मुख्य कोणी नाही! निर्णय सर्वांच्या संमतीनं. एकीला पटलं नाही, तर बाकीच्यांनी तिला हात वर करून हरवायचं नाही, पटेपर्यंत थांबायचं.

हे ऐकून आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, "अवो, तिथं सासूच नाई, तं भांडण कायचं?" मला नाही तसं वाटत. पोळ्या जाड-पातळ तिथेही होत असतीलच. फरक एवढाच, की काम कुणा एकीच्या कपाळी लिहिलेलं नाही.

म्हटलं, आपल्याही घरी करून पाहावं. पाच माणसांना विचारलं, संध्याकाळी भाजी कोणती? अंबाडीला धाकटा नाही म्हणाला, वांग्याला मोठी. आठ वाजले तरी एकमत होईना. शेवटी पिठल्यावर झालं. जेवणं आनंदात झाली. मग विषय निघाला, भांडी कोणी घासायची? सगळे छताकडे पाहू लागले. एरवी अशा वेळी मीच मुकाट्यानं उठते. लग्नाला चौदा वर्षं झाली, परवा पहिल्यांदाच उठले नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे, आणि भांडी अजून मोरीत आहेत.