वर्गात विकी: आधी दुरुस्ती, मग लेखन

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. प्रश्न असा, की विकी वापरून वर्गात लिहायला शिकवता येतं का?

शाळेतला निबंध आठवा. आपण लिहायचो, बाई लाल पेनने गोल करायच्या, दहापैकी सहा मार्क आणि वही बंद. चूक कळायची, पण तोच निबंध सुधारून पुन्हा लिहायची वेळ यायचीच नाही.

विकीवर पान कधी ‘बंद’ होत नाही. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला, तेव्हा कल्पना साधी होती: जो पान वाचतो, तो ते बदलूही शकतो. वर प्रत्येक पानाचा ‘इतिहास’ जपलेला असतो. कोणी, कधी, कोणता शब्द बदलला ते दिसतं. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारीशेजारी ठेवून बघता येते. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे कोडचंही असंच असतं. त्यामुळे शिक्षकाला फक्त शेवटचा निबंध नाही, तर तो कसा घडत गेला हेही कळतं.

पण नुसता विकी हातात दिला म्हणजे झालं, असं नाही. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही कॉलेजांत प्रयोग केला. विद्यार्थ्यांनी इंग्रजी विकिपीडियावर आपल्या विषयाचे लेख लिहायचे. बऱ्याच लेखांत दुसरीकडून उचललेला मजकूर निघाला. तो काढता काढता स्वयंसेवक संपादकांच्या नाकी नऊ आले, आणि त्याच वर्षी प्रयोग थांबला.

मुलांना नावं ठेवणं सोपं आहे. पण पुस्तकातलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं की पूर्ण मार्क, हे त्यांना आपल्याच परीक्षांनी शिकवलेलं असतं ना?

म्हणून माझं म्हणणं, सुरुवात दुरुस्तीपासून करा. मीडियाविकी हे विकिपीडियामागचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यावर फक्त वर्गापुरता विकी उभा करा. चार-चार मुलांचे गट, विषय ‘आपला आठवडी बाजार’. एकाने कच्चं लिहायचं: ‘बाजारात खूप गर्दी असते आणि खूप मजा येते.’ दुसरीने ते वाक्य बदलायचं: ‘नऊनंतर भाजीच्या रांगेतून सायकल नेता येत नाही.’ बदल का केला, ते एका ओळीत नोंदवायचं. पटलं नाही तर चर्चापानावर बोलायचं; गुपचूप खोडायचं नाही. मार्क या कारणांनाही द्यायचे.

हे जमलं की मग विकिपीडिया. तिथले नियम वेगळे: स्वतःचं मत चालत नाही, माहितीला संदर्भ लागतो, आणि वाचलेलं आपल्या शब्दांत मांडावं लागतं. मराठी विकिपीडियावर सरावासाठी ‘धूळपाटी’ आहे. लेखाला हात लावण्याआधी तिथे खुशाल गिरवा.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. मराठी विकिपीडियावर आपल्या तालुक्याचा लेख उघडा, त्याचा इतिहास बघा आणि एक, फक्त एक, शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करा. फोनवरून होतं. कसं वाटलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!