नानकटाई आणि राष्ट्रीय उत्पन्न

दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत एक छोटा उद्योग चालत असे. काही घरांत तो अद्यापि चालतो. परातीत तूप घ्यावयाचे, ते तळहाताने पांढरेशुभ्र व हलके होईतो फेसावयाचे, पिठीसाखर मिसळून पुन्हा फेसावयाचे, आणि मग मैदा, थोडे बेसन, थोडा रवा, वेलदोडा व जायफळ घालून गोळा मळावयाचा. ज्यांच्या घरी ओव्हन नसे त्या गृहिणी हे पीठ डब्यात भरून जवळच्या बेकरीत पाठवीत. बेकरीवाला भाजण्याची मजुरी घेई आणि संध्याकाळी डबा भरून नानकटाई घरी येई. बिस्किटांच्या विस्तीर्ण कुळातील ही आपली घरगुती शाखा होय.

या शाखेचे मूळ मात्र सातासमुद्रापलीकडे शोधावे लागते. ‘नान’ हा फारसी शब्द भाकरीचा वाचक आहे. सतराव्या शतकात सुरतेस डचांची वखार होती. त्यांच्यासाठी पाव भाजणारी एक भट्टी पुढे एका पारशी कारागिराच्या हाती आली आणि तिच्यातूनच नानकटाई जन्मली, असे परंपरेने सांगितले जाते. ही हकिगत अक्षरशः खरी मानली नाही तरी फारसी नाव, विलायती भट्टी आणि देशी तूप यांचा संगम त्या एका घासात आहे, हे जीभच सांगते.

नानकटाई करणाऱ्या गृहिणीचे तिच्यावरील प्रेम ही पाहण्याजोगी गोष्ट आहे. पोळीभाजी ही जबाबदारी असते. ती एक दिवस चुकली तर घर उपाशी राहते. नानकटाई चुकली तर कोणाचेच काही बिघडत नाही. तुपाने पिठाच्या कणाकणाला वेढले म्हणजे पिठात चिवटपणा येत नाही, आणि म्हणून ती खुसखुशीत होते. तूप अधिक झाले तर ती पसरून चकती बनते. कमी पडले तर दगड होते. भट्टीतून काढताच ती मऊ लागते आणि निवल्यावरच घट्ट होते. पण निवेपर्यंत थांबण्याचा संयम घरातील कोणाजवळच नसल्यामुळे पहिल्या घाण्याचा चुरा होणे हे जवळजवळ ठरलेलेच. त्या चुऱ्यावर रागावणारी गृहिणी विरळा. पोळी करपली तर खंतावणारी तीच बाई बिघडलेली नानकटाई हसत हसत वाटून टाकते, कारण हे काम तिला कोणी सांगितलेले नसते. ती तिची हौस असते.

अर्थशास्त्राला मात्र या हौसेचे काय करावे हे नीटसे उमगलेले नाही. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली आपल्या कल्याणविषयक ग्रंथात एक विसंगती दाखवून दिली होती. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामकरणीशी लग्न केले तर ती तीच कामे करीत राहते. परंतु राष्ट्रीय उत्पन्न तेवढ्याने घटते! शंभर वर्षे लोटली तरी ही विसंगती कायम आहे. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचे न दिलेले भाडे अंदाजाने धरून राष्ट्रीय उत्पन्नात मिळविले जाते. त्याच घराच्या स्वयंपाकघरात झालेले रांधणे-भाजणे मात्र हिशेबाबाहेर राहते. कारखान्यातील बिस्किटाकडे शासनाचे बारीक लक्ष असते. २०१७ मध्ये त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर बसला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. घरच्या नानकटाईतील मैदा, साखर आणि तूप यांची नोंद होते. फेसणाऱ्या हाताची होत नाही.

यावर एक सोपा उपाय हल्ली सर्वत्र सुचविला जातो. नानकटाई उत्तम झाली की पाहुणा म्हणतो, “वहिनी, तुम्ही हा व्यवसाय का करीत नाही?” त्यात कौतुक असते, आणि तो मार्ग हिणविण्याचेही कारण नाही. १९५९ साली गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. ज्या बाईला मिळकतीची गरज वा आकांक्षा आहे तिला भांडवल व बाजारपेठ मिळालीच पाहिजे. परंतु ज्या कामाचे पैसे होत नाहीत ते वाया गेले, ही समजूत त्या कौतुकाच्या आडून घरात शिरते. विक्री सुरू झाली की मागणी आली, मुदत आली, प्रत्येक नग सारख्या वजनाचा हवा हे बंधन आले. चुरा झाला की नुकसान झाले. नानकटाई पोळीच्या रांगेत जाऊन बसली! अर्थशास्त्र उपभोगाला उत्पादनाचे साध्य मानते. येथे तर करणे हाच उपभोग आहे, आणि तो विकत मिळत नाही.

खरा प्रश्न किमतीचा नसून वेळेचा आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले, की सहा वर्षांवरील ८१.२ टक्के स्त्रिया दिवसभरात विनावेतन घरकाम करतात. पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के आहे. हे काम करणाऱ्या स्त्रिया त्यात सरासरी २९९ मिनिटे घालवितात, तर पुरुष ९७ मिनिटे. सुमारे पाच तास घरकामात गेल्यावर हौसेसाठी तूप फेसण्यास किती स्त्रियांना फुरसत उरत असेल? फुरसत हीदेखील संपत्ती आहे आणि तिची वाटणी उत्पन्नाच्या वाटणीइतकीच विषम आहे. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला तर ती आणखी कमी येते. “आईला स्वयंपाकाची भारी आवड,” असे आपण सहज म्हणतो, आणि आवडीच्या त्या एका डब्याखाली सक्तीची सारी भांडी झाकली जातात.

म्हणून नानकटाईची किंमत ठरविण्याची घाई नको. घरकामाचे मोजमाप अवश्य व्हावे, त्याचे मोल धोरणांत उमटावे. पण त्यापूर्वी घरोघरी करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. ज्यांना नानकटाई खावयाची आहे त्यांनी त्या दिवशीच्या पोळ्या लाटाव्यात, भांडी घासावीत आणि बेकरीपर्यंत डबा पोचवावा. पोळ्यांचे नकाशे होतील. परंतु पहिल्या घाण्याचा चुरा जिने हसत वाटला तिला हे नकाशे पाहूनही हसू येईल. राष्ट्रीय उत्पन्नात याने एक पैशाचीही भर पडणार नाही. भर पडेल ती एका बाईच्या मोकळ्या दुपारीत.