तलवारीची मूठ लाखेवर का बसवतात?

मर्दानी खेळाच्या सरावासाठी तलवार घ्यायला गेलात की हात आधी पात्याकडे जातो. थांबा, मूठ बघा. पात्याच्या मागची निमुळती पट्टी पोलादी मुठीत लाख ओतून बसवायची, ही आपल्याकडची जुनी पद्धत. लाख म्हणजे किड्याने तयार केलेली राळ. आपल्या लाखांदूरकडे पळस बघितलाय ना? त्या झाडावर हा किडा वाढतो.

साधारण ७०-८० अंश सेल्सिअसला लाख मऊ होते. मूठ तापवा, पातं सुटतं. युरोपातून आलेली ‘फिरंगी’ पाती इथल्या मुठींमध्ये बसवली गेली, त्यामागे हीच सोय. वेल्डिंगचं तसं नाही, त्या उष्णतेने पोलादाला दिलेलं पाणी उतरतं. शोभेच्या स्टेनलेस तलवारीत तर अनेकदा नुसती बारीक सळई जोडलेली असते. ती भिंतीवरच बरी, फिरवायला नको.

निगा राखणं सोपं आहे. घामातलं क्लोराइड पोलादावर बारीक खड्डे पाडतं, म्हणून सराव संपला की लगेच सुती कापडाने पुसून मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. पावसाळाभर चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरून बसतं. आणि मूठ उकळत्या पाण्याने धुवायची नाही, हे आता सांगायला नको.

पडताळायचंय? लाखेचा तुकडा वॉटर बाथमध्ये ५-५ अंशांनी तापवा आणि प्रत्येक वेळी ठरावीक वजनाखाली सुई किती रुतते ते नोंदवा. मग त्यात विटेची भुकटी मिसळून पुन्हा मोजा. दागिन्यांच्या कामात अशी लाख वापरतात.