दिवसा सिनेमा, संध्याकाळी बीथोवन

मुंबईत सिंफनी कुणी जगवली असं विचारलं, की लोक पटकन ‘पारशांनी’ म्हणतात. हे अर्धंच उत्तर झालं. उरलेल्या अर्ध्याचं श्रेय मी नौशाद, शंकर-जयकिशन आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना देते. आमच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या गटात, हे बोलले की दोन-चार भुवया हमखास वर जातात.

मी आल्टो गाते, म्हणजे बायकांच्या आवाजातला खालचा भाग. नोकरी बँकेत झाली, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा मध्यमापर्यंत दिल्या आणि पन्नाशीच्या अलीकडे एका मैत्रिणीच्या नादाने दक्षिण मुंबईतल्या एका कॉयरमध्ये शिरले. कॉयरचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं की फुकट पासांसाठी फोन सुरू होतात. आमच्यात दातांची डॉक्टर आहे, कस्टममधून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, सीएच्या परीक्षेला बसलेला एक पोरगा आहे. पैसे कुणालाही मिळत नाहीत, उलट वर्गणी आम्हीच भरतो. डिसेंबरच्या कार्यक्रमाला ऑर्केस्ट्रा जोडीला येतो, त्यातलेही बरेचसे असेच हौशी. जे थोडे पोटापाण्यासाठी वाजवतात, त्यांना गाडीभाड्यापेक्षा जरा बरं मानधन मिळतं.

अशी मंडळी जमवायला कुणीतरी हट्टी माणूस लागतो. मुंबईत तो मान मेहली मेहतांचा. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि आधी पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीवरून, मग कंडक्टरचं बॅटन हातात घेऊन तो चालवला. सिंफनीला सत्तर-ऐंशी वादक लागतात. पगारावर ठेवायला पैसा नव्हता. मग पारशी हौशी वादक, गोव्याचे व्यावसायिक आणि फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधली माणसं अशी मोट बांधली. कावसजी जहांगीर हॉलमध्ये, म्हणजे आज जिथे आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे तिथे, कार्यक्रम होत. त्यांचा मुलगा झुबिन या तालमी ऐकतच वाढला, थोडा मोठा झाल्यावर त्यातल्या काही घेऊही लागला आणि १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेला. पाठोपाठ वडीलही मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात वाजवायला गेले. पुढे लॉस एंजेलिसला त्यांनी १९६४ मध्ये अमेरिकन यूथ सिंफनी सुरू केली आणि तीन दशकांहून जास्त काळ पोरांना घडवलं. इकडे मुंबईचा ऑर्केस्ट्रा मात्र ते गेल्यावर विस्कटत गेला. हौशी संस्थेचं हे दुखणं नेहमीचंच.

सगळीकडे तसं झालं नाही, हेही सांगायला हवं. आकाशवाणीतले अधिकारी व्हिक्टर परंज्योती यांनी १९५६ मध्ये कॉयर सुरू केला. ते १९६७ मध्ये वारले आणि बॅटन कुमी वाडियांकडे आलं. बाईंनी ते पुढची कित्येक दशकं खाली ठेवलं नाही. त्या काळात देशात बायकांना या जागी पाहायची सवय कुणालाच नव्हती. परंज्योतींची ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’ ही रचना आज अमेरिकेतल्या कॉलेजांचे कॉयर गातात. तिला अर्थाचे शब्दच नाहीत, सगळे नुसते सुरांचे बोल, त्यामुळे ती कुणालाही परकी वाटत नाही. जिनी दिनशॉ यांनीही १९६२ मध्ये बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा उभा केला आणि वर्षानुवर्षं नेटाने टिकवला.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, कंडक्टर म्हणजे पाठमोरा उभा राहून हातवारे करणारा माणूस. कार्यक्रमाच्या दिवशी तो तेवढंच करतो, कारण खरं काम तालमीत उरकलेलं असतं. आमचा कंडक्टर तिशीतला. आठ बारचा तुकडा अर्धा तास घोळवतो. सोप्रानोंना, म्हणजे वरच्या आवाजाच्या बायकांना, गप्प बसवून आधी बेसकडून, म्हणजे खालच्या आवाजाच्या पुरुषांकडून घेतो, मग टेनर, म्हणजे वरच्या आवाजाचे पुरुष, मग आम्ही. पेन आणलेलं त्याला चालत नाही, पेन्सिलच हवी, कारण श्वास कुठे घ्यायचा याच्या खुणा दर तालमीला बदलतात. लांब सुरावर सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर भोक पडतं, म्हणून शेजारणीने घेतला की आपण थांबायचं आणि तिचा सूर लागला की आपण चोरून घ्यायचा. शिवाय हॉल मिळवणं, नोटेशनच्या प्रती मोजून परत घेणं, रुसलेल्या टेनरला घरी फोन करणं, हेही त्याच्याच गळ्यात. ओबो आणि बासून ही फुंकवाद्यं वाजवणारे आपल्याकडे दुर्मीळ. ते मिळाले नाहीत तर त्यांचा भाग क्लॅरिनेटला नाहीतर पियानोला वाटून द्यायचा, तो रात्री बसून पुन्हा लिहायचा, हे कामही त्याचंच.

आपलं गाणं शिकलेल्या माणसाची इथे खरी परीक्षा होते ती षड्जापाशी. तानपुरा लागला की आपला सा ठरतो, तो मैफल संपेपर्यंत हलत नाही. आपण काळी चारची की पांढरी पाचची, याचा केवढा अभिमान असतो आपल्याला! कॉयरमध्ये तुमची पट्टी कुणी विचारत नाही. मी चार मात्रा एकच सूर धरून उभी असते. खाली बेस सरकतात, आणि माझा तोच सूर आधी गंधार असतो, मग पंचम होतो, मग बघता बघता सा. मी काहीही बदललेलं नसतं. सुरुवातीला मला गरगरल्यासारखं व्हायचं. त्यात गळ्याची सवय अशी, की गंधार लांबला की त्याला आंदोलन द्यावंसं वाटतं, खालून कणस्वर लावावासा वाटतो. मग पुढून आवाज येतो, “आंटी, नक्षी नको!” चार जणी मिळून एक आवाज व्हायचा असेल तर नक्षी सोडावीच लागते. माझ्या गुरुजींना हे पटलं असतं असं मला वाटत नाही.

ज्यांना हे गरगरणं कधीच झालं नाही, ते गोव्याचे वादक. पोर्तुगीज अमलात गावोगावच्या चर्चला जोडून शाळा होत्या. तिथला मेस्त, म्हणजे चर्चचा संगीतगुरू, पोरांना अक्षरओळखीबरोबरच सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, आणि व्हायोलिन शिकवायचा. घरातल्या लादाईनीला, म्हणजे प्रार्थनेला, आणि गावच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, वाजवून हात तयार होत. नोटेशन वर्तमानपत्रासारखं वाचणारी ही पोरं मुंबईत आली आणि हॉटेलांच्या जाझ बँडमध्ये, मग सिनेमाच्या स्टुडिओत शिरली. स्टुडिओची शिफ्ट सकाळी सुरू होई. सेबॅस्टियन डिसोझांसारखा अरेंजर शंकर-जयकिशनच्या चालीवर प्रत्येक वाद्याचा भाग लिहून काढी, आणि वादक तो समोर ठेवून पहिल्या फेरीतच वाजवत. घरभाडं, पोरांची फी त्या शिफ्टवर भागे. संध्याकाळी त्यांच्यापैकी कित्येक जण तीच व्हायोलिनची पेटी घेऊन सिंफनीच्या तालमीला येऊन बसत. मुंबईने आपल्या सिंफनीला पगार कधी दिला नाही. दिला तो हिंदी सिनेमाने, आणि तोही न कळत.

अँथनी गोन्साल्विस हे नाव ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यामुळे घरोघरी पोचलं. त्या नावाचा खराखुरा माणूस होता हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. गोव्यात सासष्टीतल्या माजोर्ड्याचे, जन्म १९२७ चा, वडील तिथल्या चर्चमध्ये संगीत शिकवणारे. मुंबईत येऊन नौशादांकडे व्हायोलिन वाजवू लागले. प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन हे त्यांचे विद्यार्थी, आणि गाण्यातलं नाव ही प्यारेलालांची गुरुदक्षिणा. त्यांना रागांवर सिंफनी लिहायच्या होत्या. १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवला, तब्बल ११० वादकांचा. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. वादक बहुतेक स्टुडिओतलेच दोस्त. साठच्या दशकात ते अमेरिकेला गेले. परतल्यावर सिनेमाकडे फिरकले नाहीत, माजोर्ड्यालाच राहिले आणि २०१२ मध्ये वारले. माझ्या मते त्यांचा तो ऑर्केस्ट्रा चालू राहिला असता, तर आपल्या वृंदवादनाचा इतिहास वेगळा झाला असता.

पुढे सिंथेसायझर आला. साठ व्हायोलिनांचं काम एका कीबोर्डवर होऊ लागलं, ट्रॅकवर ट्रॅक चढवून गाणी बनू लागली आणि नव्वदच्या दशकात मोठ्या वाद्यवृंदाची शिफ्ट जवळपास संपली. संध्याकाळच्या हौसेला दिवसाचा आधार होता, तोच गेला. व्हायोलिनवर घर चालत नाही म्हटल्यावर पोराला तासन्‌तास रियाझाला कोण बसवणार? २००६ मध्ये एनसीपीए या मुंबईतल्या कलाकेंद्रात खुश्रू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला, तेव्हा बऱ्याच खुर्च्यांवर कझाकस्तानातून आलेले वादक बसवावे लागले. त्यावर टीका खूप झाली. मला ती अन्यायाची वाटते. चांगले वादक तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं जातात, आणि मधली वर्षं आपण रिकामी घालवली होती. आता तिथे मुलांसाठी अकादमी आहे. गोव्यात डॉ. लुईस डायस यांनी २००९ मध्ये चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन काढलं. ज्यांच्या घरी वाद्य घेण्याची ऐपत नाही अशा मुलांना तिथे व्हायोलिन, चेलो शिकवतात. पेशाने डॉक्टर असलेला माणूस मेस्तांचं काम करतो आहे.

आता थोडं स्वार्थाचं बोलते. कुठल्याही हौशी कॉयरला जाऊन विचारा, सोप्रानो रांगेत उभ्या असतात आणि टेनर-बेस मिळत नाहीत. आमच्याकडे एका बाजूला बायकांच्या तीन रांगा आणि दुसऱ्या बाजूला मोजून सात पुरुष. इकडे गिरगावपासून डोंबिवलीपर्यंत भजनी मंडळांत, डबलबारीत एवढे खणखणीत पुरुषी आवाज आहेत की बेसची चिंताच राहू नये. नोटेशन येत नसलं तरी अडत नाही. पियानोवर भाग वाजवून देतात, पोरं तो मोबाइलवर रेकॉर्ड करून लोकलमध्ये पाठ करतात. इंग्रजीची धास्ती नको, अर्धं गाणं लॅटिनमध्ये असतं आणि ते कुणालाच येत नाही. सूर धरता येत असेल आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मोकळ्या असतील, तर जवळच्या कॉयरच्या तालमीला एकदा जाऊन मागे बसा.  बायकांना थोडी वाट बघावी लागेल, पुरुषांना अजिबात नाही.