सपाटीचा हुन्नर

लाखांदूर हे भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे तालुक्याचे ठिकाण. वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या आश्रयाने पसरलेल्या धानाच्या बांध्यांनी ते चहूकडून वेढलेले आहे. आगगाडी गाठावयाची तर नदी ओलांडून गडचिरोली जिल्ह्यातील वडसा स्टेशनला जावे लागते. आणि दिवाळीनंतर मंडई नावाच्या जत्रांच्या हंगामात ज्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या मुलखाच्या, नाटकमंडळ्या गावोगाव रात्रभर प्रयोग करीत फिरतात, त्यांच्या कचेऱ्याही त्याच वडशाला आहेत. हातकागदाच्या सजावटीवर आणि भेटवस्तूंवर लेख हवा, असे संपादकांनी कळविले तेव्हा त्यांच्या मनात पुण्याची हातकागद संस्था असावी, आणि ते रास्तही होते. परंतु कागद कसा तयार होतो यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. तयार झालेला कागद कापतो कोण आणि कसा, याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही, म्हणून मी पुण्याऐवजी लाखांदूरच्या एका जुन्या छापखान्याची वाट धरली.

संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगून टाकतो. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरात शतकानुशतके हातकागद होत असे, आणि पेशवाईचे खलिते, जमाखर्च, सनदा यांचे कागद अशाच कारागिरांच्या हातचे होते. गिरणीच्या कागदाने हा धंदा बसला. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत कुमारप्पांच्या देखरेखीखाली इतर ग्रामोद्योगांबरोबर कागदाचेही प्रयोग सुरू झाले, के. बी. जोशी यांनी या विषयाचा शास्त्रीय अभ्यास केला आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. शिवाजीनगरातील तो रस्ता आज जोशींच्याच नावाने ओळखला जातो. राज्यघटनेची जी हिंदी हस्तलिखित प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी लिहिली, तिचा कागद पुण्याच्या हातकागद केंद्राने केलेला आहे. कापडाच्या चिंध्या आणि होजिअरीची कात्रणे निवडावयाची, कुटून त्यांचा लगदा करावयाचा, पाण्याच्या हौदातून चाळणीच्या साच्यावर तो उचलावयाचा, कापडावर उतरवून दाबावयाचा, वाळवावयाचा आणि घोटावयाचा, ही या कागदाची सर्वसाधारण रीत. या कागदाचा आकाशकंदील, लग्नाच्या आहेराचे पाकीट, मिठाईची पेटी किंवा गणपतीच्या मखराची कमान करावयाची म्हटली की एकसारखे तुकडे शेकड्यांनी कापावे लागतात. कात्रीने ते साधत नाही. तेथे डाय लागते.

डाय म्हणजे लाकडी फळीत बसविलेला पोलादी पात्यांचा साचा. फळी अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडची असते. तिच्यात नक्षीच्या रेषेबरहुकूम फटी पाडून त्यांत धारदार पाती ठोकून उभी करतात, जेथे नुसती घडी पाडावयाची तेथे धार नसलेले आणि किंचित बुटके पाते बसवितात, आणि कापलेला कागद पात्यांत अडकून राहू नये म्हणून आजूबाजूला रबराचे तुकडे चिकटवितात. या विद्येचा उगम एका अपघातात आहे. १८७९ साली ब्रुकलीनमधील रॉबर्ट गेअर याच्या कारखान्यात कागदी पिशव्यांना घडी पाडणारी एक धातूची पट्टी जागेवरून सरकली आणि घडी पाडण्याऐवजी तिने पिशव्या कापल्या. त्या नुकसानीकडे पाहता पाहता गेअरच्या ध्यानात आले की एकाच दाबात कापणे आणि घडी पाडणे ही दोन्ही कामे करून घेता येतील. आज घरोघरी येणारी पुठ्ठ्याची घडीची प्रत्येक पेटी ही त्या सरकलेल्या पट्टीची संतती आहे.

लाखांदूरच्या छापखान्यात ही डाय ज्या यंत्रावर चढते, ते यंत्र मुळात कापण्यासाठी जन्मलेलेच नाही. ते साधे ट्रेडल आहे. १८५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या जॉर्ज गॉर्डनने ज्या घाटाचे यंत्र रूढ केले, त्याच वंशातले. उभ्या बिडाच्या बेडवर फर्मा आवळलेला, समोरून पाट उघडमीट करीत त्याच्यावर येऊन टेकणारा, आणि बाजूला ते जड चाक, जे एकदा फिरू लागले की पायाला फक्त लय सांभाळावी लागते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, भागवत सप्ताहाची निमंत्रणे आणि मुख्य म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांची हँडबिले यांवर अशी ट्रेडले तालुक्यातालुक्यातून दोन पिढ्या जगली. पुढे ऑफसेट आले, संगणक आले, छपाईचे खिळे भंगारात गेले. येथल्या कारागिरांनी शाईचे रूळ आणि शाईची तबकडी उतरवून ठेवली, पाटावरचे कागदी अस्तर काढून त्या जागी पोलादाचा सपाट पत्रा बसविला, आणि छापणारे यंत्र कापणारे केले. हा बदल वाटतो तितका सोपा नव्हे. छपाईच्या खिळ्याची उंची ०.९१८ इंच, कापणाऱ्या पात्याची ०.९३७, फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, परंतु तो कोठून वजा करावयाचा याचा हिशेब चुकला तर एक तर कागद कापला जात नाही, नाही तर पाते पत्र्यावर आपटून पहिल्याच दाबात बोथट होते.

हे कारागीर साठी ओलांडलेले आहेत. उमेदीत ते खिळे जुळवीत, आणि त्यांच्या बोटांची ती जुनी सवय अद्याप गेलेली नाही: बोलताना उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर सारखा फिरत असतो, जणू खिळ्याची खाच चाचपीत आहेत. नवी आलेली डाय त्यांनी चेसमध्ये, म्हणजे यंत्राच्या लोखंडी चौकटीत, आवळली, एक कागद लावला, पाय मारला आणि कापलेला कागद घेऊन थेट खिडकीशी गेले. उजेडासमोर धरताच कागदाची सारी हकीकत दिसू लागली: जेथे पाते पार झाले होते तेथे प्रकाशाची रेघ, आणि जेथे अर्धवट राहिले होते तेथे नुसता काळसर व्रण. कमळाच्या आठ पाकळ्यांपैकी डावीकडच्या तीन कापल्याच गेल्या नव्हत्या. माझ्यासारख्याला वाटेल की दाब वाढवावा. ते हसले नाहीत, शांतपणे म्हणाले, “दाब वाढवला तं कापलेलं अजून कापते जी, अन् राह्यलेलं राह्यतेच.” म्हणजे असे की, दाबाचे स्क्रू आवळले तर जी पाती आधीच पत्र्याला टेकत आहेत त्यांची धार मरते, आणि जी टेकत नाहीत त्यांचा कमीपणा पुरता भरून येत नाही.

मग त्यांनी काय केले? पतंगी कागदाच्या काडीएवढ्या रुंद पट्ट्या कापल्या, खळीचे बोट लावले, आणि डायच्या पाठीमागे ठेवावयाच्या एका कोऱ्या कागदावर नेमक्या त्या तीन पाकळ्यांच्या रेषेत त्या चिकटविल्या. पुन्हा दाब, पुन्हा खिडकी. आता दोन पाकळ्या उजळल्या, तिसरीचे टोक राहिले. त्या टोकापुरती आणखी एक पट्टी, पहिलीवर अर्धी चढविलेली. पुन्हा दाब. चिखलणी झाल्यावर धानाच्या बांधीवर फळी फिरवून पाणी सर्वत्र एका उंचीचे उभे राहील अशी जमीन करावी, तसा हा प्रकार चालला होता. आणि चांगला अर्धा तास गेल्यावर एकेक रेघ अशी कापली गेली की बोटाने नुसते ढकलताच कमळ कागदातून अलगद सुटून हातात आले. छापखान्यात या कामाला ‘मेकरेडी’ म्हणतात. माझ्या मते या सबंध हस्तव्यवसायाचे मर्म येथे आहे. डाय विकत मिळते, कागद मागविता येतो, पाय कोणीही मारील. परंतु यंत्र, फळी आणि पाती यांच्या वाट्याला आलेला उंचसखलपणा डोळ्यांनी वाचून तो केसाएवढ्या जाडीच्या कागदाने भरून काढणे हा हुन्नर ज्याला साधला त्याचेच काम सुबक होते. प्रत्येक डायबरोबर तिचा तो ठिगळांचा कागद घडी न घालता ठेवलेला असतो, त्यावर पेन्सिलीने कामाचे नाव लिहिलेले असते, आणि पुढल्या वर्षी तीच डाय चढली की तोच कागद मागे जातो.

गिरणीच्या कागदावर एवढ्याने भागते. हातकागदाचा मामला निराळा, कारण त्याचा प्रत्येक ताव हौदातून वेगळा उचललेला असतो आणि त्यामुळे त्याची जाडीही वेगळी. ठिगळाने यंत्राचे वैगुण्य झाकता येईल, तावातावातला फरक झाकता येत नाही. त्यासाठी कारागीर आधी प्रत्येक ताव दोन बोटांत धरून, डोळे मिटून म्हटले तरी चालेल, त्यांचे तीन ढीग लावतात: पातळ, मध्यम, जाड. मध्यम ढिगावर यंत्र जुळवावयाचे, पातळ ढीग आला की मागे एक अस्तर घालावयाचे, जाड आला की काढावयाचे. “कागद सारखा नसते जी. आपनच सारखं व्हावं लागते,” असे ते म्हणाले, आणि हे म्हणताना हात तिसऱ्या ढिगावर चालूच होते.

त्यातून हातकागदाची किनार सरळ नसते. चाळणीच्या कडेने उतरलेली ती विरळ, फाटल्यासारखी किनार गिऱ्हाइकाला हवी असते, पण कागद नेमक्या जागी टेकविणाऱ्या पिनांना सरळ कड लागते. म्हणून एक बाजू आणि तिला काटकोनातली दुसरी छाटावीच लागते, आणि ज्या बाजू दर्शनी राहणार त्या मात्र अस्पर्श राखाव्या लागतात. उलट एक सोयही आहे. यंत्रावर होणाऱ्या कागदाचे तंतू बहुतांश एकाच दिशेला निजतात, त्यामुळे तो एका अंगाने सहज मोडतो आणि दुसऱ्या अंगाने घडीवर चिरतो. हाताने उचललेल्या तावात तंतू चौफेर पसरतात, त्यामुळे कंदिलाची पाकळी आडवी कापा, उभी कापा, घडी सारखीच बसते. कापलेले तुकडे यंत्रातच गळून पडू नयेत म्हणून पात्याला कानशीने बारीक खाचा पाडून ठेवतात, तेवढ्या जागी कागद जोडलेला राहतो. सुती हातकागदाला या खाचा अगदी नाममात्र पुरतात, कारण कापसाचा लांब तंतू एवढ्यानेही चिवटपणे धरून ठेवतो.

माल कोणता होतो? पोळ्याला बैलांच्या शिंगांसाठी कागदी फुले, तान्ह्या पोळ्याला मुलांच्या लाकडी बैलांसाठी झुली, भुलाबाईसाठी छोटी मखरे, दिवाळीला कंदील, आणि लग्नसराईत पाकिटे व पेट्या. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी आली, तेव्हापासून गणपतीच्या कागदी कमानींची मागणी वाढली.

आणि येथूनच अडचणींचा पाढा सुरू होतो. या व्यवसायाचा हंगाम श्रावण-भाद्रपदाचा. नेमक्या त्याच दिवसांत, तळ्यांच्या या जिल्ह्यात, पूर्व विदर्भाच्या पावसाने हवा पाण्याने जड झालेली असते. सुती कागद हवेतला ओलावा पितो, मऊ पडतो आणि पात्याखाली कापला जाण्याऐवजी दबतो; कड कुसळांसारखी विस्कटते, आणि वैशाखात बेतलेला ठिगळांचा कागद भाद्रपदात निरुपयोगी ठरतो. कारागीर गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवतात, लागतील तेवढेच ताव बाहेर काढतात, पण कागद बाहेर काढला की तासाभरात हवेशी त्याची मैत्री होतेच. वैशाखातच सारा माल कापून ठेवावा असे सुचविणे सोपे आहे. परंतु गिऱ्हाईक आगाऊ रक्कम आषाढ लागल्याशिवाय देत नाही, आणि पुण्याहून किंवा राजस्थानातील सांगानेरहून येणाऱ्या कागदाचे पैसे मात्र आधी मोजावे लागतात.

कागद इतक्या दुरून का यावा, हा प्रश्न मला तेथे वारंवार छळीत राहिला. लाखांदूरच्या शिवारात धानाची तणस डोंगराएवढी पडते. काही गुरांना जाते, काही छपराला, काही जाळली जाते. तिच्यापासून कागद होतो, हे काही नवे ज्ञान नाही. पण तणसाचा तंतू आखूड, आणि तिच्यात सिलिका पुष्कळ. नुसत्या तणसाचा ताव कुरकुरीत आणि ठिसूळ होतो, घडीवर तडकतो, आणि सिलिका पात्याची धार लवकर खाते. तिच्यात लांब तंतूच्या सुती चिंध्या मिसळल्या तरच तो कामाचा होईल. प्रमाण किती, हे प्रयोगाने ठरेल. वर्ध्याची महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था याच प्रदेशातली आहे, आणि मगनवाडीचा वारसा सांगणाऱ्या या संस्थेने झाडीपट्टीच्या तणसाचा, नेमका डायकटिंगच्या दृष्टीने, विचार करावा असे मला मनापासून वाटते. खाली चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरला १९४५ साली जी गिरणी नोंदली गेली, तिच्या मूळ नावात कागदाबरोबर स्ट्रॉबोर्डाचाही, म्हणजे तणसाच्या पुठ्ठ्याचाही, उल्लेख होता. पुढे तिने चांद्याच्या बांबूवर साम्राज्य उभारले, आणि तणस जेथल्या तेथे राहिली.

दुसरी काळजी यंत्राची. ट्रेडलचे सुटे भाग आता नवे मिळत नाहीत. घासलेली बुशिंगे वडशाच्या किंवा नागपूरच्या लेथवर करून घ्यावी लागतात. नागपुरात लेझरने कागद कापून मिळतो, डायची गरजच नाही, पण लेझर कापतो म्हणजे जाळतो. सुती कागदाची पांढरी कड त्याखाली बदामी होते, आणि घडी पाडण्यासाठी पुन्हा दाबयंत्र लागतेच. भंगारवाला ट्रेडल किलोवर घेतो, बिडाचा भाव बरा आहे, आणि घरच्या मंडळींनी तो हिशेब करून ठेवलेला आहे. यंत्र गेले की ठिगळांचे ते सारे कागद रद्दी होतील, कारण त्यांत डायइतकाच या एका यंत्राचाही उंचसखलपणा भरलेला आहे. दुसऱ्या ट्रेडलला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

तिसरी गोष्ट शिकाऊ मुलाची, आणि माझ्या मते तीच सर्वांत निकडीची. हंगामात शिकवावयाला सवड नसते. खिडकीपाशी उभे राहून एकेक व्रण दाखवीत बसले तर मालाची तारीख टळते, आणि उघडमीट करणाऱ्या पाटाशी नवशिक्याचा हात घाईत ठेवणे धोक्याचे असते. हंगाम सरला की सवड असते, पण काम नसल्यामुळे मुलाला मजुरी देता येत नाही, आणि मुलगा नागपूर-पुण्याची गाडी धरतो. आतापर्यंत शिकावयास आलेल्यांपैकी दोघे असेच गेले. खादी व ग्रामोद्योग मंडळाने हातकागदाच्या प्रशिक्षणाच्या तजविजीत कागद कापण्याच्या या विद्येचाही समावेश करावा, आणि विद्यावेतन फाल्गुन ते ज्येष्ठ या चार कोरड्या महिन्यांचे द्यावे, एवढीच या कारागिरांची मागणी आहे. त्यांनी ती तोंडी अनेकांना सांगितली आहे. मी त्यांच्याकडून ती लिहून घेतली आहे, सोबत त्या कमळाच्या डायचा एक अर्धवट कापलेला आणि एक पुरा कापलेला ताव जोडला आहे, आणि हा मजकूर छापून येण्यापूर्वी तो अर्ज मंडळाच्या जिल्हा कचेरीत दाखल करून पोच घेण्याचे मी त्यांना कबूल केले आहे.