जुन्या कॉम्प्युटरचा घरचा ‘नॅस’: फोटो-व्हिडिओ साठवण्यासाठी काय घ्यावं, काय टाळावं?

जळगाव/धुळे : लगीनसराई उरकली की तालुक्याच्या फोटो स्टुडिओत टेबलाच्या खणात हार्ड डिस्कचा ढीग जमा होतो. कोणत्या डिस्कमध्ये कोणाचं लग्न, हे चिठ्ठ्या चिकटवून लक्षात ठेवायचं. अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करणाऱ्या पोरांचं दुखणंही तेच. आणि घराघरात मोबाइलवर ‘स्टोरेज फुल’. गुगल फोटोजची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आता १५ जीबीमध्ये जीमेल, फोटो आणि अँड्रॉइड फोनचा व्हॉट्सॲप बॅकअप असं सगळं बसवावं लागतं. पुढची जागा हवी असेल तर दरमहा पैसे मोजा.

यावर एक उपाय म्हणजे घरातच डेटा ठेवण्याची पेटी करणं. तिला ‘नॅस’ म्हणतात. राउटरला वायरने जोडलेला एक कॉम्प्युटर, त्यात दोन-चार हार्ड डिस्क, आणि घरातल्या सगळ्या मोबाइल-लॅपटॉपवरून त्यात फाइल टाकता-काढता येतात. घरातल्या घरात वापरायला इंटरनेटही लागत नाही, नुसतं वाय-फाय पुरतं. मात्र सामान निवडताना बहुतेकांचा पैसा चुकीच्या जागी जातो. प्रोसेसर भारी घेतात आणि डिस्क, वीज व दुसरी प्रत यांत काटकसर करतात. खान्देशात डेटा जातो तो या तीन गोष्टींमुळे. म्हणून खर्चही आधी तिथेच करायला हवा.

आधी जागेचा हिशोब करा

घरगुती वापर असेल तर गरज वाटते तेवढी मोठी नसते. मोबाइलचा एक फोटो साधारण ४ एमबीचा धरला तर १० हजार फोटोंना ४० जीबी लागतात. व्हिडिओ धरूनही एका कुटुंबाला १ ते २ टीबी बरीच वर्षं पुरते.

स्टुडिओचं गणित वेगळं. फोर-के व्हिडिओ १०० एमबीपीएसने शूट केला तर तासाला ४५ जीबी भरतात. दोन कॅमेरे, प्रत्येकी सहा तास, म्हणजे एका लग्नाचे ५४० जीबी. अशी वीस लग्नं झाली की जवळपास ११ टीबी. त्यामुळे कच्चं शूटिंग किती दिवस ठेवायचं आणि तयार अल्बम-व्हिडिओ किती वर्षं, हे आधी ठरवा. मगच डिस्क घ्या.

आणखी एक. ४ टीबीची डिस्क लावल्यावर विंडोज सुमारे ३.६ टीबी दाखवतो. ही दुकानदाराची फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच फरक आहे.

पेटी कोणती?

पर्याय तीन आहेत. पहिला, सिनॉलॉजी, क्यूनॅपसारख्या कंपन्यांची तयार पेटी. ती लहान असते, वीज कमी खाते, चालवायला सोपी जाते. पण महाग पडते आणि डिस्कचे पैसे बहुधा वेगळे. दुसरा, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर. वीज अगदी कमी लागते, पण डिस्क यूएसबीने जोडाव्या लागतात. वायर हलली किंवा वीज कमी पडली की डिस्क मध्येच सुटते. शिकायला चांगला, पण स्टुडिओचा भार त्याच्यावर टाकू नये.

तिसरा पर्याय आपल्याकडे सर्वात परवडणारा आहे. ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे आय-थ्री, आय-फाइव्ह डेस्कटॉप सेकंडहँड बाजारात आले आहेत. नॅसला विंडोज लागतच नाही, म्हणून ही मशीन या कामाला चांगली.

घेताना झाकण उघडून बघा. आत साडेतीन इंची दोन डिस्क बसतात का? मदरबोर्डवर साटाचे किमान तीन सॉकेट आहेत का? पुस्तकाएवढ्या ‘मिनी’ डेस्कटॉपमध्ये मोठी डिस्क बसत नाही, तो घेऊ नका. काही कंपन्यांच्या डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय खास मापाचा असतो, तो बिघडला तर बाजारातला साधा बसत नाही. डिस्कला वीज द्यायला पिन कमी पडली तर स्वस्तातला ओतीव प्लास्टिकचा जोड लावू नका. असे जोड तापून वितळल्याचे प्रकार झाले आहेत.

रॅम ८ जीबी पुरते. ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ ही फुकट प्रणाली त्याहून कमी रॅमवरही चालते. ‘ट्रूनॅस’ला मात्र किमान ८ जीबी लागते. मोबाइलचे फोटो आपोआप पेटीत यावेत म्हणून ‘इमिच’सारखं फुकट ॲप बसवता येतं. प्रणाली टाकायला छोटी एसएसडी वेगळी घ्या. पेनड्राइव्हवर टाकली तर सतत लिहून-लिहून तो लवकर जातो.

डिस्क: इथे काटकसर नको

बाजारात दोन जातीच्या हार्ड डिस्क मिळतात, सीएमआर आणि एसएमआर. एसएमआरमध्ये जास्त डेटा बसावा म्हणून पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात. मधलं एक कौल बदलायचं तर आजूबाजूची उचलावी लागतात, तसंच इथे जुन्या जागी नवं लिहायला वेळ लागतो. नुसतं साठवून ठेवायला ती चालते. पण नॅसमध्ये एक डिस्क मेल्यावर नवी लावून सगळा डेटा पुन्हा उतरवायचा असतो, तेव्हा ती फार रखडते. वेस्टर्न डिजिटलने नॅससाठी विकलेल्या ‘रेड’ मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं एप्रिल २०२० मध्ये उघड झालं आणि जगभर ओरड झाली. म्हणून खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. मॉडेल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून ‘सीएमआर’ लिहिलंय का ते बघा. वेस्टर्न डिजिटलची ‘रेड प्लस’ आणि सीगेटची ‘आयर्नवुल्फ’ या सीएमआर आहेत.

सीसीटीव्हीच्या दुकानात मिळणारी ‘पर्पल’ किंवा ‘स्कायहॉक’ चालते का, असं बरेच जण विचारतात. चालते. ती चोवीस तास चालण्यासाठीच बनवलेली असते. पण डीव्हीआरमधून काढलेली जुनी डिस्क ‘नवीन’ म्हणून गळ्यात पडणार नाही याची खात्री करा. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या डिस्क चाललेल्या तासांची नोंद पुसून नव्या म्हणून विकल्याचं बाहेर आलं होतं.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये घ्या, धुळ्यात घ्या किंवा ऑनलाइन मागवा, दोन गोष्टी करा. डिस्कचा सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते बघा. आणि ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या फुकट प्रोग्रामने डिस्क किती तास चालली ते तपासा. एका वर्षात ८,७६० तास असतात. २६ हजार तास दिसले तर ती तीन वर्षं अखंड फिरलेली आहे. पक्कं बिल घ्यायला विसरू नका.

डिस्क दोन घ्या आणि दोन्हीत तोच डेटा राहील अशी ‘मिरर’ पद्धत ठेवा. ४ टीबीच्या दोन डिस्क लावल्या तर जागा ४ टीबीच मिळते, पण एक मेली तरी काम थांबत नाही.

वीज: सगळ्यात मोठा धोका

शहरातले सल्ले वाचून नॅस केला तर गावात इथेच फसगत होते. लिहिण्याचं काम चालू असताना लाइट गेली की फाइल खराब होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे लाइनची न्यूट्रल तुटणं. तेव्हा घरात २३० व्होल्टऐवजी ४०० च्या जवळ दाब येऊ शकतो आणि पॉवर सप्लायबरोबर दोन्ही डिस्क एकदम जाऊ शकतात.

त्यामुळे यूपीएस ही चैन नाही. शक्यतो यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस घ्या. तो बॅटरी संपत आल्याचा निरोप कॉम्प्युटरला देतो आणि कॉम्प्युटर आपणहून नीट बंद होतो. साध्या स्वस्त यूपीएसला हा पोर्ट बहुधा नसतो, म्हणून विचारून घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर तो ‘यूपीएस मोड’वर ठेवा, नाहीतर लाइट गेल्यावर चालू होण्याआधीच कॉम्प्युटर बंद पडतो. घराची अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवलेला बरा. फायबरची तार काचेची असल्याने तिच्यातून वीज येत नाही, पण राउटरच्या अडॅप्टरमधून येऊ शकते.

बिलाचंही गणित करा. जुना डेस्कटॉप दोन डिस्कसह ३५ वॅट खात असेल तर चोवीस तास चालून महिन्याला साधारण २५ युनिट होतात. युनिटला ८ रुपये धरले तर २०० रुपये. घरगुती वापरासाठी रोज रात्री दोन-तीन तास चालू ठेवलं तरी भागतं.

ऊन आणि फुफाटा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. घरगुती डिस्कची कमाल मर्यादा बहुधा ६० अंशांच्या आसपास असते आणि चालू डिस्क खोलीपेक्षा सहज दहा अंश जास्त तापते. पत्र्याच्या खोलीत दुपारी ती मर्यादेच्या काठावर जाते. म्हणून पेटी धाब्याच्या किंवा स्लॅबच्या खालच्या मजल्यावरच्या गार खोलीत ठेवा, डिस्कसमोर एक पंखा बसवा आणि दोन डिस्कमध्ये बोटभर फट सोडा. प्रणालीत तापमान दिसतं. ४५ च्या आत राहिलं तर उत्तम, ५० च्या पुढे गेलं तर दुपारी बंद ठेवा.

मात्र कूलरच्या झोतात पेटी ठेवू नका. त्या हवेत ओल असते, क्षारही असतात. दर दोन महिन्यांनी झाकण उघडून ब्लोअरने धूळ काढा. वायर पाइपातून न्या, उंदीर सोडत नाहीत.

पाइप बारीक तर मोटर काय करणार?

विहिरीवर मोटर मोठी बसवली आणि पाइप बारीक टाकला तर पाणी पाइपाएवढंच येतं. इथेही तसंच आहे. राउटरचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर १०० जीबीचं शूटिंग उतरायला जवळपास अडीच तास लागतात. गिगाबिट पोर्ट असेल तर पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. कंपनीने बसवलेला राउटर १०० चाच असेल तर गिगाबिटचा छोटा स्विच वेगळा घ्या आणि एडिटिंगचा कॉम्प्युटर व नॅस दोन्ही त्याला जोडा. केबल कॅट-६ ची, पूर्ण तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण पुढे त्रास देते.

बाहेरगावाहून पेटी उघडता यावी म्हणून राउटरचे पोर्ट थेट इंटरनेटला खुले करू नका. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ नावाच्या व्हायरसने इंटरनेटवर उघड्या असलेल्या क्यूनॅपच्या हजारो पेट्यांमधल्या फाइलींना कुलूप लावून खंडणी मागितली होती. बाहेरून वापरायचंच असेल तर ‘टेलस्केल’सारखी व्हीपीएनची सोय वापरा.

मिरर म्हणजे बॅकअप नव्हे

एवढं सगळं करूनही एक गोष्ट राहते, आणि तिथेच लोक गाफील असतात. दोन डिस्कवर तोच डेटा असला तरी दोन्ही एकाच पेटीत आहेत. चुकून फोल्डर उडवलं तर दोन्हीकडून उडतं. चोरी झाली, आग लागली, वीज पडली तर दोन्ही जातात. पीटर क्रोघ या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला नियम सोपा आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी.

दुसऱ्या ठिकाणासाठी मोठा खर्च लागत नाही. एक बाहेरची यूएसबी डिस्क घ्या, महिन्यातून एकदा त्यावर प्रत काढा आणि ती बहिणीकडे, मामाकडे, शेजारच्या गावात ठेवा. पैसे कमी असतील तर मिररची दुसरी डिस्क नंतर घ्या, पण ही डिस्क आधी घ्या.

प्रत असण्याचं मोल जळगावला वेगळं सांगायला नको. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांची तोंडची गाणी मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या माणसांनी वहीत उतरवून घेतली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये त्या वहीवरून पुस्तक निघालं. जे कोणी टिपलंच नाही, ते त्यांच्याबरोबर गेलं. आज घरोघरी आजीच्या अहिराणी ओव्या मोबाइलमध्ये रेकॉर्ड केलेल्या असतात, आणि बऱ्याचदा त्या एकाच मोबाइलमध्ये असतात.

खरेदीचा क्रम असा ठेवा

१. दुसऱ्या गावी ठेवायची यूएसबी डिस्क
२. यूपीएस आणि अर्थिंगची तपासणी
३. सीएमआर जातीची नवी डिस्क, जमेल तेव्हा दुसरी
४. जुना डेस्कटॉप, ८ जीबी रॅम, छोटी एसएसडी
५. गिगाबिट स्विच आणि कॅट-६ केबल

पेटी सुरू झाल्यावर महिन्यातून एकदा दुसऱ्या गावच्या डिस्कमधून एखादा फोटो, एखादा व्हिडिओ उघडून पाहा. उघडला, तर डेटा खरंच सुरक्षित आहे.