खानदेशातील उन्हाळा आणि संधानकल्पना : लहान मात्रेतील आसवारिष्टनिर्मितीविषयी काही विचार

अलीकडे शहरांतून शिकून आलेल्या तरुण मंडळींत घरच्या घरी बिअर तयार करण्याचा छंद बोलण्याच्या ओघात वारंवार ऐकू येतो. उन्हाळ्याच्या सुटीत पाच-दहा लिटरचे भांडे मांडावे, यव-सत्त्व आणि किण्व आणावे व पंधरवड्यात थंड पेय तयार करावे, असे त्याचे स्वरूप असते. यासंबंधी वैद्यांना आणि औषधालयचालकांना दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला असा की, "तुमची आसवे-अरिष्टे म्हणजे हेच ना?" आणि दुसरा, "मग तुम्ही करता ते चालते, आम्ही केलेले का चालत नाही?" हे प्रश्न सहज विचारलेले असले तरी त्यांची उत्तरे सहज देता येण्यासारखी नाहीत. शिवाय जळगाव-धुळे भागातील अनेक वैद्य आजही आपल्या रुग्णांसाठी लहान प्रमाणात आसवारिष्टे सिद्ध करतात आणि वैशाखातील उष्म्यात त्यांची संधाने बिघडतात. या दोन्ही बाबींचा एकत्र विचार करावा, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

साम्य आणि भेद

बिअर व आसव यांच्या मुळाशी असलेली क्रिया एकच आहे. किण्वसूक्ष्मजीव शर्करेचे विघटन करून मद्यार्क व कर्बद्विप्राणिल वायू निर्माण करतात. मात्र कच्च्या द्रव्यात मोठा फरक आहे. यवातील पिष्टाचे किण्वन थेट होत नाही. धान्य भिजवून, मोड आणून, वाळवून, मग सुमारे ६२ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ठेवले म्हणजे पिष्टाची शर्करा होते. आसवारिष्टात गूळ, मध, द्राक्षे यांतील शर्करा मुळातच तयार असते, त्यामुळे ही पायरी लागत नाही.

धान्यापासूनचे संधान आपल्या शास्त्राला अपरिचित आहे असे नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात धान्य, फल, मूल, सार, पुष्प, कांड, पत्र, त्वक् व शर्करा अशा नऊ आसवयोनी सांगून एकंदर ८४ आसवे गणली आहेत. त्यांत धान्यासवे सहा असून त्यांचा आरंभ सुरेपासून होतो. म्हणजे बिअरची भगिनी शोधायची तर ती सुरावर्गात सापडेल, द्राक्षासवात किंवा दशमूलारिष्टात नव्हे. औषधी द्रव्यांचा मद्यार्कविलेय व जलविलेय असा दोन्ही अंश काढून घेणे, तो टिकविणे आणि अल्प मात्रेत शरीरात शीघ्र पोचविणे हे आसवारिष्टाचे प्रयोजन आहे. मद्यार्क तेथे वाहक आहे, साध्य नव्हे.

हिशेब केला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. ८ टक्के मद्यार्काचे अरिष्ट २० मिलिलिटर घेतल्यास पोटात १.६ मिलिलिटर, म्हणजे सुमारे सव्वा ग्रॅम मद्यार्क जातो. ५ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बिअरमधून तोच साडेबत्तीस मिलिलिटर जातो. परंतु याच हिशेबाची दुसरी बाजू औषधालयचालकांनी विसरू नये. त्याच अरिष्टाची ४५० मिलिलिटरची बाटली कोणी एका बैठकीत संपवली, तर ३६ मिलिलिटर मद्यार्क, म्हणजे बिअरच्या एका बाटलीपेक्षा अधिक, त्याच्या पोटात जातो. एकच गिऱ्हाईक चिठ्ठीशिवाय दर दोन दिवसांनी बाटली नेऊ लागले, तर तेथे विक्री थांबवून विचारपूस करणे हे आपले कर्तव्य आहे.

कायद्याची चौकट

इंग्लंडात १९६३ साली आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने स्वतःपुरती बिअर घरी करण्याची मोकळीक मिळाली. तेथील पुस्तके वाचून आपल्याकडेही तसेच असावे असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्याविना मद्य निर्माण करणे हा अपराध आहे आणि त्यात "थोडेसे, घरापुरते" असा अपवाद नाही. छंद म्हणून का होईना, घरी बिअर करण्याचा सल्ला वैद्याने देऊ नये.

औषधांची गोष्ट वेगळी आहे. मद्य म्हणून पिण्यास अयोग्य अशा मद्यार्कयुक्त औषधी कल्पांना याच अधिनियमाच्या कलम २४-अ मध्ये सवलत आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० यातील कलम ३३ ईईसी च्या परंतुकानुसार स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्यास उत्पादन-परवाना लागत नाही. अनुसूची 'टी' मधील उत्तम निर्माणपद्धतीच्या अटींतूनही, बाजारात विक्री न करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना वगळले आहे. मात्र सीमा ओळखावी. तीच बाटली शेजारच्या औषधालयात विक्रीस ठेवली की ही सूट संपते. मग परवाना, अनुसूची 'टी' आणि लेबलाचे नियम हे सर्व लागू होते. आसवारिष्टांवर पूर्वी लागू असलेला १९५५ चा औषधी व प्रसाधनद्रव्ये (उत्पादनशुल्क) अधिनियम २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा निरसित झाला. जुन्या पुस्तकांतील त्यासंबंधीची प्रकरणे आता आधार म्हणून वापरू नयेत.

प्रमाणाचा प्रश्न

शार्ङ्गधराचार्यांनी मध्यमखंडाच्या दहाव्या अध्यायात, जेथे प्रमाण सांगितलेले नाही तेथे द्रव एक द्रोण, गूळ एक तुला, मध गुळाच्या निम्मा आणि प्रक्षेप गुळाच्या दशांश घ्यावा असा सामान्य नियम दिला आहे. आयुर्वेदीय योगसंग्रहातील मानानुसार द्रोण १२.२८८ किलो व तुला ४.८ किलो होते. येथे द्रवद्वैगुण्य परिभाषा लावावी की नाही, हा नेहमीचा वाद आहे. संधानाच्या दृष्टीने त्याचा उलगडा सोपा आहे.

पाच लिटर द्रवाचे उदाहरण घेऊ. द्रव दुप्पट धरल्यास त्यास गूळ सुमारे १ किलो, मध ५०० ग्रॅम व प्रक्षेप १०० ग्रॅम लागतो. गुळात ८५ व मधात ७८ टक्क्यांच्या आसपास शर्करा धरली, तर एकूण सहा लिटर मिश्रणात दर लिटरला साधारण २०० ग्रॅम शर्करा येते. दर लिटरला १७ ग्रॅम शर्करेतून सुमारे १ टक्का मद्यार्क होतो, म्हणजे संपूर्ण किण्वन झाल्यास १२ टक्क्यांपर्यंत मजल जाते. प्रत्यक्षात ८-१० टक्क्यांवर क्रिया मंदावते व थोडी गोडी शिल्लक राहते. आपल्याला तेच हवे असते. द्रव दुप्पट न धरल्यास शर्करा दर लिटरला ३५० ग्रॅमच्या घरात जाते. इतक्या दाट पाकात किण्वाची वाढ खुंटते, संधान रेंगाळते आणि औषध सरबतासारखे गोड राहते. ज्या योगात ग्रंथकारांनी स्वतःच मान दिले आहे तेथे ते मानावेच. अनुक्तमानी मात्र द्रवद्वैगुण्य स्वीकारणे युक्तीस धरून आहे.

उन्हाळा का नडतो?

किण्वास २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. ३५ च्या पुढे ते त्रस्त होते, ४० च्या वर त्याचे कार्य बंद पडू लागते. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर येथे एप्रिल-मे महिन्यांत बाहेरचे तापमान ४२ अंशांच्या पुढे सहज जाते. पत्र्याच्या खोलीत ते त्याहून अधिक असते. त्यात भर म्हणजे किण्वन स्वतःच उष्णता निर्माण करते. वर सांगितलेल्या मिश्रणातील सर्व उष्णता आतच कोंडली तर ते सुमारे २५ अंशांनी तापेल. किण्व हतबल झाले म्हणजे उष्णता सहन करणारे अम्लकारी जीवाणू बळावतात. पुढे भांड्यात हवा शिरली की मद्यार्काचेही अम्ल होते. संधान आंबते ते असे.

येथेच लहान मात्रेचा लाभ आहे. पाच-दहा लिटरच्या भांड्यातील उष्णता लवकर बाहेर पडते. पाचशे लिटरच्या टाकीत ती साचून राहते. म्हणून उन्हाळ्यात संधान करणे अपरिहार्यच असेल, तर ते लहान असावे. त्यासाठी पुढील व्यवस्था उपयुक्त ठरते.

१. जागा : जुन्या धाब्याच्या घरातील आतली खोली सर्वोत्तम. मातीच्या जाड भिंती व छत यांमुळे दिवसा-रात्रीच्या तापमानातील चढउतार तेथे कमी असतो. सिमेंटच्या घरात तळमजल्यावरची उत्तरेकडील खोली निवडावी.

२. गारवा : भांडे पाण्याच्या परातीत ठेवून भोवती ओले गोणपाट गुंडाळावे. चैत्र-वैशाखातील आपल्या कोरड्या हवेत एवढ्याने तापमान आठ-दहा अंशांनी उतरू शकते. आषाढात हवा दमट झाली की हा उपाय निकामी होतो. घृतलिप्त पात्रातून पाणी पाझरत नाही, तेव्हा बाहेरचा ओलावा राखणे आवश्यक असते.

३. पात्र : घृतलिप्त मृत्पात्र, चिनी मातीची बरणी, काच किंवा उत्तम प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरावे. तांबे, पितळ व जस्ताचा मुलामा दिलेली भांडी अम्लामुळे झिजतात व त्यांचा अंश औषधात उतरतो, म्हणून ती वर्ज्य. पात्राचा चौथा ते तिसरा भाग रिकामा ठेवावा.

४. संधिबंधन : पहिल्या आठवड्यात वायू जोरात निघतो. कापडमातीने तोंड घट्ट बंद केलेली बरणी उन्हाळ्यात फुटू शकते. झाकणातून नळी काढून तिचे टोक पाण्यात बुडवावे. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही. तळघरात अनेक पात्रे असतील तर हा वायू जमिनीलगत साचून गुदमरण्याचा धोका असतो, तेव्हा खोलीत वायुवीजन हवेच.

५. द्रव्ये : धायटीची फुले सातपुड्याच्या पायथ्याशी फाल्गुन-चैत्रात मिळतात. ती सावलीत वाळवून कोरड्या डब्यात ठेवावीत. जुनी, किडकी फुले संधानास आरंभच देत नाहीत. गूळ गडद रंगाचा व जुना घ्यावा. रंग उजळविण्यासाठी गंधकयुक्त रसायने घातलेल्या गुळात किण्व वाढत नाही. अरिष्टाचा क्वाथ ३० अंशांपर्यंत निवल्यावाचून धायटी घालू नये.

एवढी व्यवस्था शक्य नसल्यास वैशाखात संधान करूच नये. कार्तिक ते फाल्गुन हा आपल्या भागातील योग्य काळ होय. पौषातील थंड रात्री धान्यराशीत पात्र पुरण्याची जुनी रीत उपयोगी पडते, कारण धान्याच्या आवरणात उष्णता टिकते.

सिद्धीची परीक्षा

महिना झाला म्हणजे संधान सिद्ध झाले, असे समजू नये. उष्णतेत ते दहा दिवसांत उरकते, थंडीत दीड महिना चालते. पात्राशी कान लावल्यास चुरचुर ऐकू न येणे, प्रक्षेप तळाशी बसणे आणि तोंडाशी नेलेली पेटती काडी न विझणे ही परंपरागत लक्षणे विश्वसनीय आहेत. नळीतून येणाऱ्या वायूने चुन्याची निवळी दुधाळ होत असेल तर किण्वन चालू आहे. त्यास घनतामापकाची जोड द्यावी. आरंभीची घनता नोंदवावी व लागोपाठ तीन दिवस तोच अंक आला म्हणजे गाळून घ्यावे. हे साधन अल्प किमतीत मिळते व अनेक वाद मिटवते.

आंबलेल्या संधानाचे काय करावे? बिघडून अम्ल झालेल्या मद्याला शार्ङ्गधराचार्यांनी 'चुक्र' असे निराळे नाव दिले आहे. त्याचे गुणधर्म निराळे, उपयोगही निराळा. ते अरिष्ट म्हणून रुग्णास देणे म्हणजे एका औषधाच्या नावाने दुसरेच देणे होय. नुकसान टाळण्यासाठी त्यात साखर घालणे, सोडा घालून आंबटपणा मारणे किंवा बाहेरून मद्यार्क मिसळणे हे तर सर्वथा निषिद्ध मानावे. ग्रंथोक्त योगात नसलेले द्रव्य मिसळले की ते ग्रंथोक्त औषध उरत नाही आणि बाहेरचा मद्यार्क मिसळताच कायद्याची सवलतही धोक्यात येते. पाच लिटरचे संधान फेकून द्यावे लागले तर हानी काही शे रुपयांची असते. लहान मात्रेचा हाही एक लाभच आहे. आसवारिष्टाचे ऊर्ध्वपातन घरगुती पातळीवर कधीही करू नये.

ग्रीष्म आणि मद्य

शेवटी मूळ प्रश्नाकडे वळू. उन्हाळ्यात थंडगार बिअर शरीरास गारवा देते, हा समज सार्वत्रिक आहे. चरकाचार्यांनी ऋतुचर्येत ग्रीष्मात मद्य घेऊ नये, घ्यायचेच तर अल्प आणि पुष्कळ पाणी मिसळून घ्यावे असे सांगितले आहे. पेय स्पर्शाला थंड असले तरी मद्य उष्ण, तीक्ष्ण व पित्तकर आहे. मूत्रप्रवृत्ती वाढून शरीरातील जलांश घटतो आणि उष्माघाताचा धोका वाढतो, हे आधुनिक शरीरक्रियाविज्ञानही सांगते. केळीच्या बागेत किंवा कापसाच्या शेतात दिवसभर राबणाऱ्या माणसाला हे सांगणे अगत्याचे आहे. त्याच्यासाठी मंथ, कैरीचे पन्हे, कोकम वा वाळ्याचे पाणी हीच ग्रीष्मातील पेये.

हाच विवेक आपल्या चिठ्ठीतही दिसावा. ग्रीष्म व शरद ऋतूंत पित्तप्रकृतीच्या रुग्णास अरिष्टाऐवजी क्वाथ देता येतो का, हे आधी पाहावे. गर्भिणी, यकृद्विकारी, मद्यमुक्तीच्या मार्गावरील रुग्ण आणि मेट्रोनिडाझोलसारखी औषधे घेणारे यांना आसवारिष्ट देताना विशेष विचार करावा. मधुमेहींच्या बाबतीत शिल्लक शर्करेचा हिशेब ठेवावा.

संधानकल्पना ही आपल्या परंपरेतील सूक्ष्म विद्या आहे. ती लहान मात्रेत, प्रत्येक संधानाची तारीख, तापमान व घनता नोंदवून, स्वतःच्या हाताने जिवंत ठेवणारे वैद्य खानदेशात आहेत, याचा आम्हांस अभिमान वाटतो. औषध आणि व्यसन यांमधील सीमारेषा समाजाला दाखवून देण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो टिकवायचा असेल तर आपल्या बरणीतील औषध प्रथम निर्दोष असले पाहिजे. त्या दृष्टीने वैद्यबंधूंनी व औषधालयचालकांनी येत्या कार्तिकापासून आपापल्या संधानाची नोंदवही आरंभावी, अशी आमची विनंती आहे.